पंधरा स्वातंत्र्यदिनांचा रोटा

ज्या माणसाने मला वडिलांच्या शेवटच्या भेटीला जाऊ दिलं नाही, त्याला मी स्पेनच्या हातून सुटलेल्या प्रत्येक देशाच्या स्वातंत्र्यदिनी लेट शिफ्ट लावली. रागाच्या भरात एखाद्या वेळी केलं असं नाही. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर समोर घेऊन, तारखा नीट तपासून, शाईने लिहून केलं.

मी कॉव्हेंट्रीजवळच्या एका हॉस्पिटलात रक्त काढणाऱ्यांच्या टीममध्ये काम करते. नवरा डॉक्टर, त्याच्या नोकरीमागे आम्ही इथे आलो. माझ्याकडे पुण्यातला डीएमएलटीचा डिप्लोमा होता, इथल्या परीक्षा दिल्या आणि लागले कामाला. टीममध्ये आम्ही चौदा जण. सकाळची शिफ्ट आठ ते चार, लेट शिफ्ट बारा ते आठ. लेट कुणालाच नको असते, कारण ती दिवस मधोमध कापते. सकाळी काही हाती घेता येत नाही आणि घरी पोचेपर्यंत घरचे जेवून मोकळे झालेले असतात. लेट कुणाला लागणार हे रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, ठरवतो आणि रोटा कुणी करायचा ते दर दोन वर्षांनी बदलतं. चहाच्या खोलीत भिंतीवर तो मोठा कागद लावलेला असतो.

वडील आजारी पडले तेव्हा रोटा त्याच्या हातात होता.

तो स्पेनचा. मधल्या भागातल्या एका शहरातला, जिथली स्पॅनिश सगळ्यात शुद्ध असं तिथले लोक स्वतःच सांगतात. पुण्यातल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. कामात चोख, वेळेचा पक्का, शर्टाला कधी सुरकुती नाही. खरं सांगायचं तर आमचं जमायला हवं होतं.

बुधवारी कराडहून भावाचा फोन आला की किडन्या थांबल्यात, डॉक्टरांनी चार-पाच दिवस सांगितलेत. मी रजा मागायला स्पॅनिशाकडे गेले. तो म्हणाला, "रोटा लॉक झालाय. बदली माणूस शोध."

मी शोधला. एक पोर्तुगीज सहकारी लगेच तयार झाला. "तू जा, मी करतो, मला काय, मी एकटाच आहे," असं म्हणाला. मी त्याचं नाव घेऊन परत गेले. स्पॅनिशाने कागदावर बोट फिरवलं आणि मान हलवली. "त्याचे सलग सात दिवस होतात. नियमात बसत नाही. सोमवारपासून तुला रजा देतो."

वडील शनिवारी पहाटे गेले. मी सोमवारी रात्री पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. भावाने मला काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काय सांगणार? की एका माणसाने कागदावर बोट फिरवलं?

मी परत आल्यावर त्याने माझ्या टेबलावर सांत्वनाचं कार्ड ठेवलं. पांढरी फुलं, सोनेरी अक्षरं. मी ते त्याच्यासमोर रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं. त्या दिवसापासून मी डूख धरला. लोक म्हणतात मनात ठेवू नये, त्रास आपल्यालाच होतो. मला त्रास झाला नाही. उलट रोज उठायला एक कारण मिळालं.

दीड वर्षाने रोटा माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी मी एक नियम बदलला. दोन माणसांनी आपापसांत शिफ्ट बदलायची ठरवली तर कागदावर दोघांची सही पुरे, रोटा करणाऱ्याची परवानगी लागणार नाही. माझ्यासारखी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून. टीमला नियम आवडला. स्पॅनिश माणूस म्हणाला, "याने गोंधळ होईल." मी म्हटलं, "होऊ दे."

आता स्वातंत्र्यदिनांचं. मी पुण्यात कॉलेजच्या वयात दोन वर्षं स्पॅनिश शिकले होते. त्या काळी आमच्या गल्लीत कुणी जर्मन शिकत होतं, कुणी जपानी, मग मी स्पॅनिश. इथे आल्यावर वाटलं, गंज काढावा. प्रौढांच्या कॉलेजात चौकशी केली तर भाषेचा वर्ग भरलेला आणि शनिवारी सकाळी लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाच्या वर्गात जागा शिल्लक. तो स्पॅनिशमध्येच होता, म्हणून नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई अर्जेंटिनाच्या, निवृत्त, बोलताना हातातला खडू तलवारीसारखा फिरवणाऱ्या.

आमच्या शाळेत इतिहास म्हणजे सनावळी, कारणे द्या आणि टिपा लिहा. मी तसाच अभ्यास केला. एका रकान्यात देश, दुसऱ्यात स्पेन कधी आला, तिसऱ्यात कधी गेला. मेक्सिकोची राजधानी १५२१ मध्ये पडली, त्यानंतर बारा वर्षांत पेरूतली. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियात चांदीचा डोंगर सापडला आणि मग पिढ्यानपिढ्या गावागावातून पाळीने माणसं त्या डोंगराच्या पोटात पाठवली गेली. पाळीने, म्हणजे रोटाच. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी वहीत त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

मग तीनशे वर्षं विशेष काही बदललं नाही आणि एकदम सगळं बदललं. १८०८ साली फ्रान्सने स्पेनच्या राजालाच कैद केलं. वसाहतींनी विचारलं, राजाच नाही तर हुकूम कुणाचा पाळायचा? पुढच्या सतरा-अठरा वर्षांत एकेक देश निसटला. ब्राझीलची गोष्ट वेगळी. तो पोर्तुगालचा आणि तिथे खुद्द राजाच्या मुलानेच बापापासून स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. वर्गात सगळे हसले. मी ब्राझीलला सनावळीत वेगळी चौकट दिली. पोर्तुगालशी माझं भांडण नव्हतं. त्यांचा माणूस माझ्यासाठी सात दिवस राबायला तयार होता.

अजून एक गोष्ट मला फार आवडली. यातले कित्येक दिवस लढाई संपल्याचे नाहीत, सुरू झाल्याचे आहेत. मेक्सिकोत एका पाद्र्याने घंटा वाजवून लोकांना गोळा केलं, तो सोळा सप्टेंबर. प्रत्यक्ष सुटका अकरा वर्षांनी झाली. पण ते साजरा करतात तो घंटेचा दिवस. म्हणजे ज्या दिवशी डोकं फिरलं तो दिवस.

जानेवारीत मी जेवणाच्या टेबलावर वर्षाचा रोटा पसरला होता. शेजारी सनावळी आणि लॅटिन अमेरिकेचा नकाशा. लेटचे रिकामे चौकोन समोर आणि तारखाही समोर. पंधरा भरल्या. मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा दिवस एकच, पंधरा सप्टेंबर, म्हणून देश जास्त आणि तारखा कमी. आफ्रिकेतल्या विषुववृत्तीय गिनीचा दिवस बारा ऑक्टोबर, आणि स्पेनचा स्वतःचा राष्ट्रीय दिवसही बारा ऑक्टोबर. तो चौकोन मी सगळ्यात आधी भरला.

नवरा मागे येऊन उभा राहिला. "हे काय?"

"रोटा."

"आणि हा नकाशा?"

मी सांगितलं. त्याने चष्मा वर केला. "अगं, तू रोटा करतेस की मोहीम काढतेस?"

"अन्याय कुठे आहे? सगळ्यांना वर्षाला तीसेक लेट येतात, त्यालाही तेवढ्याच. फक्त त्यातल्या पंधरा कुठल्या, ते मी ठरवलं."

"त्याला कळणार तरी आहे का?"

"मला कळतंय ना."

त्याने कपाळाला हात लावला आणि चहा टाकायला गेला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट त्याला कळली आहे. मी कागद काढल्यावर वाद घालायचा नाही.

पहिली तारीख सत्तावीस फेब्रुवारी, डॉमिनिकन रिपब्लिक. त्या दिवशी तो आठ वाजेपर्यंत थांबला आणि मी चार वाजता त्याच्यासमोरून कोट घालून निघाले. फार बरं वाटलं. शनिवारी वर्गात मी बाईंना डॉमिनिकनबद्दल काहीतरी विचारलं तर त्या म्हणाल्या, "पण ते स्पेनपासून सुटले नाहीत त्या दिवशी. हैतीपासून सुटले." माझा चेहरा पडला. आपल्या डोक्यात स्वातंत्र्य म्हणजे पंधरा ऑगस्ट. एक दिवस, एक झेंडा, गोरे बोटीत आणि आपण घरात. कुठला देश कुणापासून सुटला हे तपासायचं मला सुचलंच नाही. एक लेट फुकट गेली म्हणून मी आठवडाभर चिडचिड केली.

टीममध्ये बोलिव्हियाच्या एक बाई आहेत. साठीच्या आसपास, बुटक्या, दोन वेण्या, हात इतका हलका की लहान मुलांचं रक्त काढायचं तर डॉक्टर त्यांनाच शोधतात. आमचं आपसात स्पॅनिशमध्ये चालतं, आणि त्यातही आपल्यासारखं अहो आणि अरे असतं; त्या मला अहो-जाहो करतात. स्पॅनिश माणूस सगळ्यांना अरे-तुरे करतो, आणि यांना तर बोलणंही शिकवतो. एकदा चहाच्या खोलीत त्या डब्यातल्या बटाट्याला त्यांच्याकडच्या शब्दाने काहीतरी म्हणाल्या. तो लगेच, "त्याला तसं नाही म्हणत." बटाटा त्यांच्याच डोंगरांतून जगभर गेला आणि हा त्यांना बटाट्याचं नाव शिकवत होता.

मी म्हटलं, "त्यांना माहीत असेल की."

तो हसला. "आम्ही गेलो नसतो तर त्या सगळ्या देशांतले लोक आज एकमेकांशी बोलले कशात असते?"

"आयमारात," बाई आपल्या डोंगरांतल्या मूळ भाषेचं नाव घेत म्हणाल्या आणि बटाटा खाऊ लागल्या.

तेव्हापासून मी हे त्यांच्यासाठीही करते आहे असं मला वाटायला लागलं. सुडाला असा जोडीदार मिळाला की तो एकदम न्यायासारखा दिसतो. सहा ऑगस्ट हा बोलिव्हियाचा दिवस. मी त्या दिवशी बाईंना सुट्टी लावली आणि त्याला लेट.

मे, जून गेले. जुलै उजाडला आणि तारखांची गर्दी झाली. पाच जुलै व्हेनेझुएला, नऊ अर्जेंटिना, वीस कोलंबिया, अठ्ठावीस पेरू. ऑगस्टमध्ये बोलिव्हिया, इक्वेडोर, उरुग्वे. त्या खंडाने जणू उन्हाळ्याची सुट्टी बघूनच बंड केलं होतं. आणि उन्हाळ्यातच त्याची मुलगी येते, हे मला पाच जुलैला कळलं.

नऊ वर्षांची. आईबरोबर स्पेनमध्ये राहते. घटस्फोटानंतर ठरलेलं की वर्षातून पाच आठवडे बापाकडे. उन्हाळ्यात कुणालाही दोन आठवड्यांपेक्षा जास्त रजा मिळत नाही, म्हणून उरलेले दिवस तो सकाळची शिफ्ट करून चार वाजता तिला मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या हॉलिडे क्लबमधून आणणार होता. लेटच्या दिवशी शेजारीण तिला आणून आपल्याकडे बसवायची. पाच तारखेला तो फोनवर तिला सांगत होता, "आज उशीर होईल, तू झोपून जा." स्पॅनिशमध्ये. मला समजतं हे त्याला माहीत होतं, तरी त्याने आवाज खाली केला नाही.

तेव्हा मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. नऊ तारखेची लेट तशीच ठेवली. वीस तारीख त्याच्या रजेत गेली, तर कोलंबिया सुटला म्हणून हळहळले. अठ्ठावीसलाही ठेवली. मनात म्हटलं, त्याला मुलगी संध्याकाळी आठनंतर तरी दिसतेय. मला वडील दिसले नाहीत.

तीस जुलैला तो चहाच्या खोलीत आला. मी आणि बोलिव्हियाच्या बाई बसलो होतो. पोर्तुगीज सहकारी खिडकीशी सँडविच खात होता.

"सहा ऑगस्टची माझी लेट काढायला हवी," तो म्हणाला. "तिच्या आईने तिकीट बदललंय. सहाला दोन वाजता बर्मिंगहॅमहून विमान. मुलगी एकटी जाते, तिला एअरलाइनच्या माणसाकडे मीच सोपवायचं. माझंच नाव लिहिलंय."

"रोटा लॉक झालाय," मी म्हटलं.

हे वाक्य मी दोन वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. ते बाहेर पडलं तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही.

"ती त्या विमानात बसली नाही तर तिची आई पुढच्या वर्षी पाठवणार नाही. तिला तेवढंच कारण हवंय."

"बदली माणूस शोध."

तो पोर्तुगीजाकडे वळला. पोर्तुगीजाने खांदे उडवले. "मी सहाला आधीच लेट आहे, बाबा." बाकीच्यांना त्याने आधीच विचारलं होतं. सुट्ट्यांचे दिवस, निम्मी टीम बाहेर.

तो परत माझ्याकडे वळला. मग सावकाश म्हणाला, "तुझे वडील. त्यासाठी आहे हे."

"हो."

"तो नियम होता. सात दिवस सलग कुणालाच देत नाहीत. मी चुकलो नव्हतो."

एखाद्या माणसाची महिनोनमहिने जिरवावी आणि शेवटी त्याने तोंड उघडून आपणच बरोबर होतो असं म्हणावं! त्याने माफी मागितली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्याने मागितली नाही, तेव्हा मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "मग हाही नियमच आहे. शुभेच्छा."

बाई चहाचा कप खाली ठेवून उठल्या. भिंतीवरच्या कागदाजवळ गेल्या, सहा ऑगस्टचा चौकोन शोधला, आणि खिशातलं पेन काढलं.

"माझं नाव घालते," त्या म्हणाल्या.

"बाई, त्या दिवशी तुम्हाला सुट्टी आहे," मी घाईने म्हटलं. "मुद्दाम ठेवलीय. तुमचा स्वातंत्र्यदिन."

त्या वळल्या. "मुद्दाम?"

मग मला सांगावं लागलं. त्याच्यासमोरच. सनावळी, पंधरा तारखा, सगळं. पोर्तुगीज चावायचा थांबला. स्पॅनिश माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो एक एक तारीख आठवत असावा. एवढी वाट पाहिलेला तो क्षण. आणि मी त्याच्याकडे बघतच नव्हते, बाईंकडे बघत होते. त्यांना आनंद होईल अशी माझी कल्पना होती.

"माझा दिवस," बाई म्हणाल्या. "सेन्योरा, त्या दिवशी कोण सुटलं, तुम्हाला माहीत आहे? याच्यासारखेच लोक. तिकडे जन्मले होते एवढाच फरक. स्पेनचा मालक गेला आणि स्पेनच्या मालकाचा नातू बसला. माझे आजोबा त्यानंतर सव्वाशे वर्षांनीसुद्धा आठवड्यातले निम्मे दिवस जमीनदाराच्या शेतात फुकट राबत होते. पाळी आली की त्याच्या शहरातल्या घरी जायचं, दाराशी निजायचं, त्याची भांडी घासायची. झेंडा होता. गाणंही होतं. ते आजोबांना पाठ होतं."

मी वर्गात दोन वर्षं बसले होते. खाणीतल्या पाळ्यांखाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि पुढच्याच पानावर स्वातंत्र्य असं मोठ्या अक्षरात लिहून तो विषय संपवला होता. पाळ्या पुढे चालू राहिल्या का, हे विचारलं नव्हतं.

"तुमचं याच्याशी भांडण आहे ना," त्या म्हणाल्या, "मग भांडा. वडिलांची भेट गेली, मीही भांडले असते. पण माझ्या नावाने कशाला? मला विचारलंत?"

"नाही."

"आणि त्या मुलीला?"

त्यांनी चौकोनात नाव लिहिलं, सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. दोन सह्या झाल्या की बदल झाला, हा माझाच नियम. मी तो वाचून, टाइप करून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून भिंतीला लावला होता. त्याने सही केली. बाईंना "ग्रासियास" म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्यांना अहो-जाहो केलं. त्या म्हणाल्या, "उपकार तुमच्यावर नाहीत. मूल आहे म्हणून."

सहा तारखेला मुलगी विमानात बसली. पोर्तुगीजाने मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मीही त्या दिवशी चारला निघाले नाही. बाईंच्या बाजूच्या खुर्चीवर आठपर्यंत काम केलं. मला लेट नव्हती आणि त्यांना मदतीची गरज नव्हती. मी का थांबले, ते त्यांनीही विचारलं नाही.

स्पॅनिश माणसाला मी माफ केलेलं नाही. सप्टेंबरच्या तिन्ही तारखा त्याने भरल्या, बारा ऑक्टोबरही भरली, आता तर कशासाठी ते माहीत असून भरली. मुलगी परत गेलेली होती, त्यामुळे त्या तारखा मला बिनदिक्कत आवडल्या. माझ्या वडिलांबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. मीही नाही. आम्ही एकमेकांना सुया, नळ्या, कापूस देतो आणि घेतो.

एका सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, मी बाईंना विचारलं, "सहा ऑगस्ट नाही, तर मग तुमचा दिवस कोणता? तुम्ही घरी पाळता तो?"

त्यांनी हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवलं.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही त्या दिवशीही त्याला लेट लावाल."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. लावली असती. बाईंनी पहिल्या पेशंटला हाक मारली.